जुनी जीएल ३५० सीडीआय घेताना: पैसा लोखंडात नाही, रबरात जातो

प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची मर्सिडीज जीएल ३५० सीडीआय, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. वापर सांगलीत, बहुतेक गावातल्या गावात, महिन्यातून दोन-तीन पुणे-मुंबई फेऱ्या. विकणारा १७ लाख सांगतोय आणि "एक रुपयाचं काम नाही" म्हणतोय. या गाडीत कोणते बिघाड येतात, दुरुस्तीला किती लागतात आणि घ्यावी का?

घेण्यासारखी गाडी आहे. पण १७ लाख हा तिच्या किमतीचा फक्त पहिला हप्ता समजा. नवी असताना ही गाडी पाऊण कोटीच्या पुढे होती. गाडीची किंमत खाली आली, सुट्या भागांची आली नाही. पुढचा एअर स्ट्रट (हवेचा फुगा असलेला शॉक ॲब्सॉर्बर) १७ लाखांच्या गाडीत बसवा नाहीतर पाऊण कोटीच्या, बिल तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा.

दुसरी गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या गाडीचं इंजिन सहसा मरत नाही. निकामी होतं ते रबर: सील, ओ रिंग, हवेचे फुगे, बुश, पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या. तो रबराचा तुकडा पाचशे-हजार रुपयांचा असतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन दिवस गाडी उघडावी लागते. म्हणून "पार्ट केवढ्याचा?" हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. "तिथे हात पोहोचतो का?" हे विचारा.

खालचे आकडे पुण्या-मुंबईतल्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजांचे ढोबळ अंदाज आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दीडपट ते दुप्पट धरा.

इंजिन: व्हीच्या बेचक्यात काय चाललंय ते पाहा

बोनेटखाली ओएम ६४२ हे इंजिन आहे. २९८७ सीसी, ७२ अंशांचा व्ही ६, २५८ अश्वशक्ती, ६२० न्यूटन मीटर. २००५ पासून कंपनीच्या कितीतरी गाड्यांत ते बसलं, त्यामुळे त्याची दुखणी जगभरच्या मेकॅनिकना पाठ आहेत. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमध्ये जो व्ही तयार होतो, त्या खोबणीत ऑइल कूलर आहे. त्याच्या वर इनटेक मॅनिफोल्ड, मागे टर्बो. म्हणजे इंजिनातली सगळ्यात गरम जागा आणि सगळ्यात अवघड जागा एकच.

ऑइल कूलर ब्लॉकवर रबरी सीलवर बसतो. सुरुवातीच्या इंजिनांतली नारिंगी सील उष्णतेने कडक होऊन चपटी व्हायची आणि गळायची. पुढे जांभळ्या रंगाची, जास्त उष्णता सोसणारी सील आली. २०१४ च्या गाडीत हे काम निघेलच असं नाही, पण एक लाखाच्या पुढे तपासल्याशिवाय सोडू नका.

गंमत अशी की तेल गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. व्हीमध्ये साचलेलं तेल ब्लॉकच्या मागच्या बाजूने खाली उतरतं आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून ठिबकतं. खालून पाहणारा मेकॅनिक लगेच म्हणतो, "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." गिअरबॉक्स उतरतो, सील बदलतं, पन्नास-साठ हजार जातात आणि आठवड्याने तोच थेंब तिथेच. म्हणून आधी खात्री करा. बेल हाउसिंगचा, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या आवरणाचा, वरचा भाग ओला असेल तर गळती वरून येतेय. फक्त खालचाच भाग ओला असेल तर क्रँक सीलचा संशय घ्या. तरीही नक्की कळत नसेल तर इंजिन ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि यूव्ही टॉर्चने बघा. डायची बाटली हजार-दीड हजाराची, म्हणजे चुकीच्या निदानाच्या मानाने फुकटच.

आणि वरून येतेय म्हटल्यावरही लगेच ऑइल कूलरवर जाऊ नका. त्याच्या आधी एक स्वस्त संशयित आहे. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी प्लॅस्टिकची नळी टर्बोच्या तोंडावर एका लालसर सीलने बसते. क्रँककेसची वाफ, म्हणजे तेलाचा बारीक फवारा, याच नळीत सोडलेला असतो. सील सैल झालं की तेल तिथून झिरपून व्हीमध्ये पडतं. इंजिन थंड असताना वरचं प्लॅस्टिक कव्हर उचला, टॉर्च मागे टर्बोच्या तोंडाशी धरा आणि नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. बोटाला कोरडी धूळ लागली तर उत्तम. काळपट, ओलसर मेण लागलं तर सील गळतंय. सीलची किंमत हजाराच्या आसपास, मजुरी तीन-चार हजार.

हे स्वस्त काम टाळलं की त्याचं महाग रूप पुढे येतं. त्या गळतीच्या बरोबर खाली एक छोटी मोटर आहे, मेकॅनिक तिला एम ५५ म्हणतात. इनटेक मॅनिफोल्डमधल्या झडपा, म्हणजे स्वर्ल फ्लॅप, ती हलवते. वरून पडणारं तेल मोटरच्या आत शिरतं, मोटर जळते, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी करून) जाते आणि घाटात अचानक पिकअप नाहीसा होतो. मोटर २५ ते ४० हजारांची. झडपांची प्लॅस्टिकची दांडी तुटलेली असेल तर दोन्ही मॅनिफोल्डसकट काम ८० हजार ते सव्वा लाखावर जातं. काही गॅरेजवाले मोटरच्या जागी रेझिस्टर लावून दिवा बंद करून देतात. दिवा जातो, झडपा मात्र एका जागी अडकून राहतात आणि खालच्या फेऱ्यांवर काजळी वाढते. गाडी घेताना असा जुगाड केलेला सापडला तर मालकाने बाकीची कामंही कशी केली असतील ते ओळखा.

ऑइल कूलरचं काम करायचंच ठरलं तर बारा-चौदा तासांची मजुरी आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये गॅस्केट, सील, तेल, कूलंट धरून ६० ते ९० हजार. ते उघडल्यावर हे सगळं त्याच मजुरीत बदलून घ्या: कूलरची दोन्ही सील, मॅनिफोल्डचे गॅस्केट, टर्बोच्या तोंडाचं सील, टर्बोच्या ऑइल रिटर्नचं सील, ईजीआरचे (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) गॅस्केट, थर्मोस्टॅट. मॅनिफोल्ड बाहेर आलाच आहे तर आतली काजळीही काढा. कूलर उचलताना तेल आणि कूलंट दोन्ही त्याच खोबणीत सांडतात, त्यामुळे काम झाल्यावर इंजिन ऑइल नवंच हवं. जुनं गाळून परत ओतणारे आहेत, लक्ष ठेवा. इनटेकची भोकं काम चालू असेपर्यंत कापडाने बंद आहेत का, हेही स्वतः जाऊन बघा. एक नट आत पडला तर पुढची गोष्ट हेड उतरवण्याची असते.

थर्मोस्टॅट, डीपीएफ आणि सांगलीतला वापर

तुमच्या वापरात मला खरी काळजी याची वाटते. गावातल्या गावात पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीचा पार्टिक्युलेट फिल्टर (डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा) भरत जातो. तो साफ व्हायला इंजिन पूर्ण गरम आणि एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांवर जावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवणं. महिन्यातून दोन-तीन वेळा पुण्याला जाताय, त्यामुळे बरंच निभावेल.

पण या इंजिनाचा थर्मोस्टॅट वयानुसार उघडाच अडकून राहतो. तापमानाचा काटा ९० च्या आसपास हवा, तो हायवेला ७०-७५ ला बसतो. गाडी चालते, एसी चालतो, कुणाला तक्रार नसते. मात्र इंजिन पुरेसं तापत नाही, म्हणून कंट्रोल युनिट फिल्टर जाळायला परवानगीच देत नाही. सहा महिन्यांनी फिल्टर तुंबतो आणि बिल फिल्टरचं येतं. थर्मोस्टॅट बसवून १२ ते २० हजार. फिल्टर उतरवून धुऊन घेणं २० ते ३० हजार. नवा फिल्टर दोन लाखांच्या पुढे. "काढून टाकू, मॅप मारू", म्हणजे फिल्टर काढून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलू, असा सल्ला मिळेल. तो बेकायदेशीर आहे, आणि विकताना स्कॅनमध्ये दिसतो.

डिपस्टिक किंवा मीटरमधली ऑइल लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं (फिल्टर जाळून साफ करण्याचं) डिझेल तेलात उतरलंय. तेल लगेच बदला. तेल २२९.५१ किंवा २२९.५२ या मर्सिडीजच्या मानकाचंच हवं, साधारण आठ ते साडेआठ लिटर लागतं. कंपनीचा मध्यांतर लांबचा असला तरी गावातल्या वापरात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.

इंजेक्टर आणि ग्लो प्लग

इंजेक्टर पिएझो प्रकारचे (विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने उघडणारे), सहा. नवा एक ३५ ते ५० हजार. म्हणून "सहाही बदला" असं कुणी सहज म्हणालं तर पुरावा मागा. इथे एक चूक फार होते. परतीच्या नळीतून किती डिझेल येतं ते बाटल्या लावून मोजायची जुनी पद्धत साध्या सोलेनॉइड इंजेक्टरांसाठी आहे. पिएझो इंजेक्टरच्या परतीच्या लाइनमध्ये दाब राखावा लागतो. नळी मोकळी सोडून मोजलं की चांगला इंजेक्टरही खराब दिसतो. आधी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन (कंट्रोल युनिट किती डिझेल कमी-जास्त करतंय ते) पाहा, मग इंजेक्टर उतरवून टेस्ट बेंचला पाठवा.

कानाला ऐकू येणारं दुखणं वेगळं. थंड इंजिनला बोनेट उघडल्यावर "फुस् फुस्" असा लयीत आवाज आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसत असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर सुटलाय. वॉशर दोन-तीनशे रुपयांचा, बोल्ट नवाच लावायचा, बसायची जागा रीमरने साफ करायची. मजुरीसह सहा-आठ हजार. वर्षभर तसाच चालवला तर ते डांबर दगड होतं आणि इंजेक्टर ओढून काढायला खास पुलर लागतो. तेव्हा इंजेक्टर वाचेल याची खात्री नाही.

ग्लो प्लगचं असंच. थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर गरम करणारा हा प्लग तीन-चार हजारांचा, पण हेडमध्ये जाम होऊन तुटतो. आदल्या रात्री गंजनाशक तेल सोडायचं, इंजिन गरम असताना हलक्या हाताने, पुढे-मागे करत काढायचा. जोर लावला आणि मोडला, की ड्रिल करून काढायचे एका प्लगमागे आठ-दहा हजार. म्हणून आपल्याकडच्या हवेत एखादा प्लग गेला आणि गाडी सकाळी नीट सुरू होत असेल, तर इंजिन दुसऱ्या कामासाठी उघडेपर्यंत थांबायला हरकत नाही.

गिअरबॉक्स

सात गिअरचा ७२२.९, मर्सिडीजच्या भाषेत ७जी ट्रॉनिक. यांत्रिक भाग दणकट. मरतो तो तेल "आयुष्यभराचं" समजून कुणी बदललंच नाही म्हणून. आपल्या उष्णतेत आणि घाटात दर ६० हजारांना तेल, फिल्टर, पॅनचं गॅस्केट. खर्च २५ ते ४० हजार. तेलाचा प्रकार गाडीच्या नंबरावरून काढायचा. जुन्या ७जीचं तेल लाल, ७जी ट्रॉनिक प्लसचं निळसर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. पातळी गाडी चालू ठेवून, तेल ४५ अंशांवर असताना, ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडू लागले की ठरते. स्कॅनर न लावता अंदाजाने भरणाऱ्याकडे हे काम देऊ नका. अर्धा लिटर कमी-जास्त झालं तरी गिअर धक्के देतात, आणि मग दोष गिअरबॉक्सवर जातो.

मोठं दुखणं म्हणजे आतली कंडक्टर प्लेट. तिच्यावर वेगाचे सेन्सर असतात. ते गेले की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, बंद करून सुरू केली की तासभर बरी चालते. नवी प्लेट कोडिंगसह एक ते दीड लाख. ती चोरीविरोधी यंत्रणेशी जोडलेली असल्यामुळे भंगारातली आणून सरळ बसत नाही. सेन्सर दुरुस्त करून देणारे आहेत, ४० ते ६० हजारांत होतं. काम देण्याआधी किमान सहा महिन्यांची लेखी हमी घ्या.

चालवून पाहताना ५० ते ७० च्या वेगात, पाय अगदी हलका ठेवून, सपाट रस्त्यावर जा. रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवली तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणारा भाग. आधी तेल बदलून पाहा, नाही गेली तर ६० हजार ते एक लाख.

हवेचं सस्पेन्शन

जीएलला चारही कोपऱ्यांत एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजचं हवेचं सस्पेन्शन, आहे. पुढे स्ट्रट आणि हवेचा फुगा एकत्र, मागे फुगा वेगळा आणि शॉक वेगळा. त्यामुळे मागचं काम स्वस्त, पुढचं महाग.

घोटाळ्याचा क्रम नेहमी एकच. पुढच्या स्ट्रटच्या रबराला घडीच्या जागी बारीक चिरा पडतात. रात्रभरात हवा जाते, सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली. चालू केली की कॉम्प्रेसर भरून वर घेतो, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. कॉम्प्रेसर रोज दुप्पट चालतो, त्यातला ओलावा शोषणारा भाग भरून जातो, पिस्टनची रिंग झिजते. शेवटी रिले चिकटतो आणि कॉम्प्रेसर रात्रभर चालून जळतो. हजार रुपयांचा रिले वेळेवर बदलला असता तर कॉम्प्रेसर वाचला असता. म्हणून कॉम्प्रेसर बदलताना रिलेही बदलायचाच, यावर वाद घालू नका.

तपासायला फक्त मेजरिंग टेप लागते. गाडी सपाट जागी उभी करा, चाकाच्या केंद्रापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्या, कागदावर लिहा. दरवाजे न उघडता रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. चारही कोपरे दोन-चार मिलिमीटरने सारखे खाली आले तर तापमानाचा फरक. एकच कोपरा १५-२० मिलिमीटर बसला तर तोच फुगा किंवा त्याची नळी. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकत्र बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉकचा (फुग्यांत हवा वाटणाऱ्या ठोकळ्याचा) संशय. मग साबणाचं पाणी: स्ट्रटच्या वरच्या नळीच्या जोडाला, घडीला, व्हॉल्व्ह ब्लॉकला. नळीच्या जोडातच बुडबुडे आले तर पाचशे-हजारात सुटलात.

विकणाऱ्याकडे रात्रभर गाडी ठेवायला मिळत नसेल तर सांगा, "उद्या सकाळी सातला येतो, तोपर्यंत सुरू करू नका." पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी आधी उचलून ठेवलीय.

खर्च असे: पुढचा स्ट्रट मूळ कंपनीचा एक ते पावणेदोन लाख नग, चांगल्या दुसऱ्या मेकचा ५० ते ८० हजार. मागचा फुगा २० ते ३५ हजार. कॉम्प्रेसर ३५ ते ८० हजार, मेकप्रमाणे. व्हॉल्व्ह ब्लॉक २० ते ३० हजार. एकच पुढचा स्ट्रट बदलून भागतं, पण दुसरा त्याच वयाचा आहे हे लक्षात ठेवून पैसे बाजूला काढा.

हवा पूर्ण गेलेली गाडी ढकलून, ओढून नेऊ नका. रिकाम्या फुग्यावर वजन आलं की रबर चुकीच्या घडीत दुमडतं आणि चांगला फुगाही फाटतो. फ्लॅटबेडच बोलवा. रॅम्पवरून उतरवतानाही हीच काळजी. लटकलेल्या चाकांचा फुगा घडीत नीट बसल्याशिवाय पूर्ण वजन टाकायचं नाही.

खालचा भाग

सव्वादोन टनांच्या पुढची गाडी आणि आपले रस्ते. पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ५० ते ७० हजार किलोमीटरला हमखास. खड्ड्यात "टक्" असा एकच कोरडा आवाज आला तर लिंक रॉड, ब्रेक मारताना गाडी पुढे-मागे सरकल्यासारखी वाटली तर आर्मचा बुश. लिंक रॉड जोडी ६ ते १० हजार, दोन्ही लोअर आर्म ४० ते ६० हजार, त्यावर अलाइनमेंट. लेमफर्डर या सुट्या भागांच्या कंपनीचे आर्म घेतले तरी चालतात, डब्यावर ताऱ्याचं चिन्ह असलेल्यांचे जास्तीचे पैसे इथे द्यायची गरज नाही.

स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे तेलाची गळती नाही. पण रॅक गेला तर दोन लाखांच्या पुढे. उभ्या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, अडखळणं किंवा करकर नको.

चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे जुने असं ठेवलं की ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) सतत ताण येतो, आणि त्याचं काम लाखाच्या घरात आहे. १९ किंवा २० इंची टायर, एक २० ते ३५ हजार. पुढचे ब्रेक पॅड १२ ते २० हजार, डिस्क जोडी ३० ते ५० हजार. मुख्य बॅटरी एजीएम (सीलबंद, ॲसिड न सांडणारी), २० ते २५ हजार. साधी लीड ॲसिड बसवू नका. ती पुढच्या सीटखाली, माणसं बसतात तिथे आहे.

पावसाळा

बॅटरी सीटखाली आहे, वायरिंग कार्पेटखालून जातं, आणि छतावर मोठं सनरूफ आहे. सनरूफ कधीच शंभर टक्के पाणी अडवत नाही. आत आलेलं पाणी चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली सोडायची रचना असते. धूळ आणि झाडाचा कचरा अडकला की पाणी उलटं फिरतं, खांबातून उतरतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये साठतं. वरून कार्पेट कोरडं, खाली तळं. मग आठवड्याने विचित्र एरर: पार्किंग सेन्सर, सीट, मागचे दिवे, सस्पेन्शन. इलेक्ट्रिशियन एकेक मॉड्यूल बदलत सुटतो.

घेताना पुढच्या दोन्ही बाजूंचं कार्पेट मुठीने जोरात दाबा, बोटं ओली होतात का बघा. बूटमधलं स्टेपनीजवळचं खोबण उघडून हात फिरवा. सनरूफ उघडून कोपऱ्याच्या खाचेत पावशेर पाणी हळूहळू ओता, काही सेकंदांत ते खाली चाकाजवळ पडायला हवं. नळी तुंबली असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड सुटतो आणि मग पूर्ण छताचं अस्तर उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी आत सरकवायची, हळू, फिरवत. दरवर्षी मे अखेरीस एकदा.

कृष्णाकाठच्या गावात गाडी राहणार आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट: विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि या इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती सात-आठ लाखांची आहे.

कागद, सुटे भाग आणि भाव

गाडी एमएच पासिंगची नसेल, विशेषतः दिल्लीची असेल, तर स्वस्त का आहे ते तिथेच कळतं. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून त्या इकडे बऱ्याच आल्या. एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर किमतीत मिळवूनच भाव बघा.

चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून सर्व्हिसची नोंद मागवा, शक्यतो सध्याच्या मालकालाच मागवायला लावा. किलोमीटर, तेलाच्या तारखा, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, सगळं त्यात दिसतं. नंतर पूर्ण गाडीचा स्कॅन करा, आणि आधी तो कुणी पुसलाय का तेही बघा. तीस-चाळीस मॉड्यूलपैकी एकातही जुना एरर नाही, अशी अकरा-बारा वर्षांची गाडी मिळाली तर ती कालच साफ केलीय. पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन मारा.

फिल्टर, थर्मोस्टॅट, ग्लो प्लग, ब्रेक हे मूळ पुरवठादारांच्या डब्यात घ्या, पैसे वाचतात आणि माल तोच असतो. सील आणि गॅस्केट मात्र अस्सलच, तिथे पाचशे वाचवून चौदा तासांची मजुरी पणाला लावायची नाही. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारातून दार, आरसा, दिवा, सीट आणायला हरकत नाही. जुना एअर स्ट्रट, इंजेक्टर, टर्बो आणू नका.

आता हिशोब. वर्षाला १२ ते १५ हजार किलोमीटर धरले तर सर्व्हिस, टायर-ब्रेकचा वाटा आणि एखादं मध्यम काम मिळून दीड ते दोन लाख. शिवाय तीन लाख वेगळे ठेवलेले असावेत, कारण स्ट्रट आणि ऑइल कूलर एकाच वर्षी निघू शकतात. तुमच्याकडे हे तीन लाख वेगळे नसतील तर हीच गाडी बारा लाखांना मिळाली तरी परवडणार नाही.

१७ लाखांच्या भावाबद्दल: नोंद पूर्ण असेल, व्ही कोरडा असेल, टेपने चारही कोपरे ठीक निघाले आणि गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल असेल, तर १५ च्या आसपास तोडा. व्ही ओला असेल तर ८० हजार कमी करा. पुढचा एक स्ट्रट बसत असेल तर दोन्हींचे दीड लाख कमी करा, एकाचे नव्हे. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल नसेल तर ४० हजार.

घेतलीच तर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल व सगळे फिल्टर, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं तेल, टर्बोच्या तोंडाचं लाल सील, सस्पेन्शनचा रिले आणि सनरूफच्या चार नळ्या एवढं करून घ्या. सगळं मिळून ७५ ते ९० हजार. त्यात टर्बोचं सील सगळ्यात स्वस्त आहे, आणि गॅरेजवाला "राहू दे की, एवढं काय" म्हणेल तेही नेमकं त्याच्याबद्दलच.